विश्लेषण : सायकलला मोटर लावणे सोपे, ती थांबवणे अवघड! शहापूर-मुरबाडच्या चढउतारांवर कायदा कुठे कमी पडतो?

एका खोक्यात मोटर बसवलेले चाक, कंट्रोलर, थ्रॉटल आणि वायरींचा जुडगा. दुसऱ्या खोक्यात बॅटरी. साध्या सायकलला विजेवर पळवणारा हा संच आता काही हजार रुपयांत घरपोच मिळतो आणि तालुक्याच्या गावचा सायकल मिस्त्री तो दिवसभरात बसवून देऊ शकतो. पण तयार झालेले वाहन कायद्याच्या नजरेत सायकल की मोटरसायकल? शहापूर, मुरबाडसारख्या चढउताराच्या आणि धुवांधार पावसाच्या भागात ते सुरक्षित आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नियमात आकड्यांसह दिलेले आहे. दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे हब आणि ब्रेकवर, नियम जवळजवळ गप्प आहे. आणि अपघात नेमका तिथेच दडलेला असतो.

सायकल कुठे संपते आणि मोटर वाहन कुठे सुरू होते?

मोटर वाहन कायदा १९८८ चा आहे. विजेवर चालणाऱ्या दुचाकीला त्यातून सूट कधी मिळते, हे केंद्रीय मोटर वाहन नियमांतील नियम २(यू) सांगतो. त्यातील मुख्य अटी अशा :

- मोटरची ‘३० मिनिटांची शक्ती’ २५० वॅटपेक्षा कमी हवी. म्हणजे मोटर सलग अर्धा तास जेवढी शक्ती देऊ शकते, ती मोजायची. क्षणभराचा जोर मोजायचा नाही.
- कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा.
- पायडलला मदत करणारी मोटर असेल तर वेग २५ च्या जवळ जाताना तिची मदत हळूहळू कमी होऊन थांबली पाहिजे. पायडल मारणे थांबवले तर त्याआधीही ती बंद झाली पाहिजे.
- बॅटरी सोडून वाहनाचे वजन ६० किलोपेक्षा जास्त नको.
- ‘योग्य ब्रेक’ हवेत. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा.

या अटी पूर्ण केल्या तर नोंदणी नको, परवाना नको, विमा नको. बहुतेक विक्रेते ग्राहकाला एवढेच सांगतात. मात्र याच नियमात आणखी एक वाक्य आहे. या अटी पूर्ण होतात हे नियम १२६ मध्ये नाव असलेल्या चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित केलेले असावे लागते. कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या ई-सायकलच्या मॉडेलला असे प्रमाणपत्र मिळते. मिस्त्रीने जुन्या सायकलला संच जोडून बांधलेल्या एकट्या सायकलला ते मिळवण्याची सोपी वाट नाही.

म्हणजे एखाद्याने प्रामाणिकपणे २५० वॅटची मोटर घेतली, वेग २५ वर बांधला, उत्तम ब्रेक लावले, तरी त्याच्या हातात कागद नसतो. आणि कारखान्यातून प्रमाणपत्रासह आलेल्या सायकलची वेगमर्यादा कोणी नंतर काढून टाकली, तर कागद असतो पण सायकल नियमात नसते. असे प्रकार वाढल्यावर २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने बेकायदा फेरफार केलेल्या ई-बाइकविरोधात मोहीम उघडली होती.

पेट्रोलचे इंजिन लावले तर?

इथे मोजमाप वेगळे आहे. कायद्याच्या कलम २(२८) नुसार चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाला २५ घन सेंटिमीटर किंवा त्याहून लहान इंजिन असेल तर ते ‘मोटर वाहन’ ठरत नाही. मात्र सायकलला लावण्यासाठी विकले जाणारे टू-स्ट्रोक इंजिनांचे संच साधारण ४९ ते ८० सीसीचे असतात. ते लावले की सायकल सरळ मोटर वाहन होते. मोटर वाहन झाले की नोंदणी हवी आणि नोंदणीसाठी मान्यताप्राप्त मॉडेल हवे. घरी बांधलेले वाहन तिथेच अडते.

रेषा ओलांडली तर नेमके काय होते?

दंडाचे आकडे आधी पाहू. विनानोंदणी वाहन चालवल्यास कलम १९२ नुसार पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड आहे. परवाना नसेल तर कलम १८१ नुसार पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. विमा नसेल तर कलम १९६ नुसार पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९-अ लागू होते. त्यात पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. ‘सायकलच तर आहे’ म्हणून शाळकरी मुलाच्या हाती हजार वॅटची सायकल देणाऱ्या घराने हे कलम माहीत करून घ्यायला हवे.

पण दंडापेक्षा मोठी गोष्ट नुकसानभरपाईची आहे. रस्त्यावर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला धडक बसली, पाय मोडला किंवा जीव गेला, तर मोटर अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा दावा होतो. एरवी मोटरसायकलचा तृतीय पक्ष विमा ती भरपाई देतो. इथे वाहन मोटर वाहन ठरले आणि विमा नसला, तर रक्कम मालकाच्या खिशातून येणार. मालक भातशेती आणि मजुरीवर जगणारा असेल तर त्याची जमीन धोक्यात येते आणि जखमीच्या हातीही फारसे काही पडत नाही. नियमातील पळवाट म्हणून बांधलेली सायकल अशी दोन घरांना एकाच वेळी बुडवू शकते.

मग शहापूर-मुरबाडमध्ये अशा सायकलची गरज का वाटते?

कारण गरज खरी आहे. शहापूर तालुक्यातून मध्य रेल्वेचा कल्याण-कसारा मार्ग जातो. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्थानकांवरून लोक रोज कल्याण, ठाणे, मुंबई गाठतात. पण किन्हवली, डोळखांब, शेणवे या पट्ट्यातल्या माणसाला आधी स्टेशन गाठावे लागते. मुरबाड तालुक्यात तर रेल्वेच नाही. सरळगाव, टोकावडे, धसई, म्हसा या बाजूंच्या लोकांची भिस्त एसटीवर, सहा आसनी गाड्यांवर आणि स्वतःच्या दुचाकीवर असते. मुरबाडला एमआयडीसी आहे. पाळीचे काम संपते तेव्हा पाड्यावर जाणारी गाडी असेलच असे नाही.

मोटरसायकलचा हप्ता आणि पेट्रोल परवडत नाही, पायडलची सायकल चढावर दमवते. या दोघांच्या मधली जागा मोटरची सायकल भरते. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरायला अर्ध्या युनिटपेक्षाही कमी वीज लागते आणि पायडलची साथ असेल तर त्यावर २५ ते ३५ किलोमीटर जाता येते. भाजीची पाटी, दुधाची किटली, शाळेचे दप्तर, कामावरचा डबा, सगळ्यांना हे गणित पटते.

अडचण रस्त्याची आहे. हा सह्याद्रीच्या पायथ्याचा मुलूख आहे. एका बाजूला कसारा घाट, दुसऱ्या बाजूला माळशेज. घाट सोडला तरी गावांमधले रस्ते सतत वरखाली करतात. जून ते सप्टेंबर चिखल आणि पाणी. त्यात मुंबई-नाशिक महामार्ग आणि मुरबाडवरून माळशेजकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ या दोन्हींवर ट्रकची वर्दळ. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि तो शहापूर तालुक्यातूनच जातो. पण त्यावर दुचाकींना प्रवेश नाही. सायकलवाल्याचा रस्ता जुनाच राहतो, अवजड गाड्यांच्या शेजारचा.

२५० वॅट चढाला पुरतात का?

‘आमच्याकडे चढ आहेत, २५० वॅटने काय होणार?’ असे म्हणून अनेकजण ५०० किंवा १००० वॅटचा संच मागवतात. हिशेब मात्र थोडा वेगळे सांगतो.

स्वार, सायकल आणि सामान मिळून ११० किलो धरू. दर १०० मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर चाकाला साधारण ६५ न्यूटन जोर लागतो. २५० वॅट पूर्ण चाकापर्यंत पोचले तर ही सायकल पायडल न मारताही ताशी १४ किलोमीटरच्या आसपास चढते. चढ आठ टक्के असेल तर वेग ताशी नऊवर येतो. पायडल मारले तर दोन्ही आकडे वाढतात. म्हणजे २५० वॅट पुरतात, फक्त चढ हळू चढावा लागतो.

खरी अडचण मोटरच्या जातीत आहे. चाकाच्या मधोमध बसणारी, आत गिअर नसलेली हब मोटर हळू फिरताना वीज खाते आणि तापते. आत गिअर असलेली हब मोटर चढावर बरी चालते. पायडलच्या जागी बसणारी मोटर सायकलच्याच चेन-गिअरचा फायदा घेते, म्हणून डोंगराळ भागात ती सर्वांत योग्य ठरते. पण तिचा सगळा ताण चेन, फ्रीव्हील आणि मागच्या हबवर येतो. तेव्हा चढासाठी जास्त वॅट शोधण्याआधी योग्य गिअर शोधणे स्वस्त पडते आणि कायद्यातही राहता येते.

हब आणि चिमट्यावर ताण कसा येतो?

साध्या सायकलच्या हबचे काम वजन पेलणे आणि फिरणे एवढेच असते. त्याचा अ‍ॅक्सल चिमट्याच्या खाचेत नटांनी आवळलेला असतो आणि तो स्वतः फिरण्याचा प्रयत्न करत नाही. हब मोटरमध्ये उलटे होते. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तेवढ्याच जोराने अ‍ॅक्सलला मागे पिळते. चाकावर ४० न्यूटन-मीटरचा पीळ असेल आणि अ‍ॅक्सलच्या सपाट बाजूंमध्ये १० मिलिमीटर अंतर असेल, तर खाचेच्या कडांवर येणारा जोर ४०० किलो वजनाच्या घरात जातो. हा जोर मोटर सुरू होताना, बंद होताना, खड्ड्यात आदळताना पुन्हा पुन्हा बसतो.

नट थोडा सैल पडला की खाच हळूहळू रुंद होते. मग एके दिवशी अ‍ॅक्सल खाचेत गरकन फिरतो, वायर पिळून तुटते आणि चाक निसटू शकते. हे पुढच्या चाकाला झाले तर स्वार तोंडावर पडतो. म्हणून ‘टॉर्क आर्म’ नावाची पोलादी पट्टी लावतात. ती अ‍ॅक्सलच्या सपाट भागावर घट्ट बसते आणि तिचे दुसरे टोक चिमट्याच्या दांड्याला बांधले जाते. पीळ खाचेऐवजी दांडा पेलतो. वस्तू छोटी, किंमतही कमी, पण कित्येक संचांत ती नसते आणि असली तरी ‘उरलेला सुटा भाग’ म्हणून बाजूला पडते.

आणखी तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, चिमट्याचे धातू. पोलादी चिमटा आधी वाकतो आणि सूचना देतो. अ‍ॅल्युमिनियमचा, विशेषतः स्वस्त शॉकअपचा चिमटा पुढच्या हब मोटरच्या पिळाने एकदम तडकू शकतो.

दुसरी, चिमट्याची रुंदी. मागच्या हब मोटरला साधारण १३५ मिलिमीटर जागा लागते. जुन्या काळ्या सायकलचा मागचा चिमटा अरुंद असतो. तो जबरदस्तीने फाकवून मोटर बसवली तर दोन्ही खाचा समांतर राहत नाहीत आणि अ‍ॅक्सलवर कायमचा तिरका ताण येतो.

तिसरी, आरे. साधे आरे १४ गेजचे, म्हणजे दोन मिलिमीटर जाडीचे असतात. वजन वाहणाऱ्या मोटरच्या चाकाला १२ किंवा १३ गेजचे जाड आरे लागतात. नवे चाक पहिल्या शे-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा ताणून सरळ करावे लागते. सायकल मिस्त्रीला हे काम येते, पण ग्राहक परत येत नाही.

ब्रेकचा प्रश्न सर्वांत मोठा का?

वेग वाढला की थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. पायडलवर ताशी १५ ने जाणारी सायकल मोटरवर २५ ने जाऊ लागली तर ब्रेकना जवळपास पावणेतीन पट काम पडते. वेगमर्यादा काढून ४० ने पळवली तर सात पट. ब्रेक मात्र तेच राहतात.

गावाकडच्या काळ्या सायकलला रॉड ब्रेक असतात. त्यांची रबरे स्टीलच्या रिमवर घासतात. ओल्या स्टीलवर रबराची पकड फारच कमी होते, हे पावसात सायकल चालवलेल्या कोणालाही ठाऊक आहे. समजा कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक ताशी २५ चा वेग पाच मीटरमध्ये थांबवतात. ओल्या रिमवर पकड एक पंचमांश उरली तर तेच अंतर २५ मीटर होते, म्हणजे एकामागे एक उभ्या असलेल्या दोन एसटी गाड्यांएवढे. आणि धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंतचे सात मीटर त्यात धरलेलेच नाहीत.

उतारावर वेगळे संकट असते. ११० किलोचा तोच भार आठ टक्क्यांच्या उतारावर ताशी २५ वर रोखून धरायचा असेल, तर हवा आणि टायरचे घर्षण वजा करूनही ब्रेकना सतत सुमारे ४०० वॅट उष्णता जिरवावी लागते. चढताना २५० वॅटची मोटर शोधणाऱ्याने उतरताना ४०० वॅटचे ब्रेक शोधायला हवेत.

संच बसवताना होणारी सर्वांत घातक गोष्ट इथेच घडू शकते. संचासोबत येणारी रिम बहुतेकदा अ‍ॅल्युमिनियमची आणि वेगळ्या आकाराची असते. जुन्या रॉड ब्रेकची रबरे तिच्यावर नीट बसत नाहीत. मग त्या चाकाचा ब्रेक ‘सध्या’ काढून ठेवला जातो. वेग वाढतो आणि दोनऐवजी एकच ब्रेक उरतो. मोटर आपोआप थांबवेल या भरवशावरही राहता येत नाही, कारण आत गिअर असलेल्या बहुतेक हब मोटरी वीज बंद केल्यावर मोकळ्या फिरतात.

चिखल-पाण्याच्या भागात झाकलेला ड्रम ब्रेक किंवा रिमपासून दूर, हबजवळ बसणारा डिस्क ब्रेक उपयोगी पडतो. पण जुन्या पुढच्या चिमट्याला गावातल्या वेल्डिंगवर डिस्कची पट्टी चिकटवणे धोक्याचे आहे. ब्रेक दाबताच सगळा जोर त्याच जोडावर येतो. डिस्कसाठी बनवलेला अख्खा पोलादी चिमटाच बदलणे योग्य.

आंतरराष्ट्रीय सायकल मानक आयएसओ ४२१० मध्ये ब्रेकची चाचणी कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही स्थितींत घेतली जाते. आपला नियम ‘योग्य ब्रेक’ म्हणतो, पण माळशेजच्या पावसात योग्य म्हणजे काय, हे सांगत नाही.

बॅटरीचे काय?

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्या वर्षी देशभर लागलेल्या आगींनंतर केंद्राने एआयएस १५६ हे बॅटरी मानक कडक केले. ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. पण ते नोंदणी होणाऱ्या वाहनांसाठी आहे. सायकलच्या संचासाठी जुन्या सेलमधून जुळवलेली सुटी बॅटरी या चाळणीतून जातच नाही. न्यूयॉर्क शहरात २०२३ मध्ये लिथियम बॅटरीच्या आगींत १८ जणांचा मृत्यू झाला. तिथे त्याच वर्षी प्रमाणपत्र नसलेल्या ई-सायकली आणि बॅटऱ्यांच्या विक्रीवर बंदी आली.

लुना आपल्याला काय शिकवते?

महाराष्ट्राला पायडल असलेली मोटरगाडी नवी नाही. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये ५० सीसीची लुना आणली. इटलीतल्या पियाज्जिओच्या मोपेडवरून ती घेतलेली होती. तिला पायडल होते, पण ती मोटर लावलेली सायकल नव्हती. चाके, हब, ड्रम ब्रेक आणि सांगाडा हे सगळे इंजिनाचा वेग धरूनच एकत्र आखलेले होते. म्हणून तिने लहान गावांत सिलिंडरपासून भाजीच्या पोत्यांपर्यंत सगळे वाहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचा विजेवरचा अवतार ई-लुना आला, सुरुवातीची किंमत ७० हजारांच्या आत. ती नोंदणी होणारी दुचाकी आहे.

किमतीतली हीच दरी लोकांना संचाकडे नेते. सरकारी मदतही दरीच्या पलीकडच्या बाजूला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत अनुदान नोंदणीकृत ई-दुचाकींसाठी ठेवले होते, पायडलच्या ई-सायकलसाठी नाही. दिल्ली सरकारने २०२२ मध्ये पहिल्या दहा हजार ई-सायकलींना ५,५०० रुपयांपर्यंत मदत जाहीर केली होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, ही एक दिलाशाची बाजू.

इतर देशांत काय चालते?

युरोपीय संघाची मर्यादा आपल्यासारखीच, २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर. अमेरिकेचा केंद्रीय कायदा ७५० वॅट आणि ताशी ३२ किलोमीटरपर्यंतची सायकल सायकलच मानतो. आपणही वॅट वाढवावेत, अशी मागणी अधूनमधून होते. पण वॅट वाढवून ब्रेक तसेच ठेवले तर चढाचा प्रश्न सुटेल आणि उताराचा वाढेल.

उपाय काय?

एक नमुना आपल्याकडेच आहे. गाडीला सीएनजी किट बसवायचे असेल तर किट मान्यताप्राप्त लागते, ते अधिकृत केंद्रात बसते आणि त्याची नोंद होते. सायकलसाठी याचीच हलकी आवृत्ती करता येईल.

पहिली गोष्ट, सुट्या मोटरला मान्यता न देता पूर्ण जोडाला द्यावी. मोटर, कंट्रोलर, बॅटरी यांच्याबरोबर टॉर्क आर्म, आऱ्यांची जाडी आणि दोन्ही चाकांचे ब्रेक त्यात धरावेत. नियम १२६ मधील संस्थांपैकी एआरएआय आणि सीआयआरटी पुण्यात आहेत, तर व्हीआरडीई अहिल्यानगरला आहे. मुरबाडवरून माळशेज चढणारा महामार्ग अहिल्यानगरलाच जातो. चाचणीची सोय दूर नाही, तिच्यापर्यंत जायची वाट लहान माणसाला बंद आहे.

दुसरी, बसवणाऱ्याला शिक्षण द्यावे. तालुक्याच्या आयटीआयमध्ये काही दिवसांचा अभ्यासक्रम सायकल मिस्त्रींसाठी घेता येईल. अ‍ॅक्सलचा नट किती आवळायचा, चाक कसे ताणायचे, फ्यूज कुठे लावायचा, एवढे शिकवले तरी पुष्कळ.

तिसरी, तालुक्याच्या ठिकाणी परिवहन विभागाची शिबिरे होतात. तिथेच वेग मोजावा आणि ओल्या रिमवर थांबण्याची साधी चाचणी घेऊन त्या सायकलला चिकटपट्टीचे प्रमाणपत्र द्यावे.

यावर आक्षेप रास्त आहे. सायकल हे गरिबाचे एकमेव असे वाहन आहे ज्याला कागद लागत नाही. तिच्यामागे तपासणी लावली तर नाक्यावरची अडवणूक वाढेल. म्हणून हे प्रमाणपत्र ऐच्छिक असावे आणि ते घेणाऱ्याला नियम २(यू) ची सूट पक्की मिळावी. आज प्रामाणिक माणूस आणि हजार वॅटवाला कायद्यापुढे एकाच रांगेत उभे आहेत. त्यांना वेगळे करणारा कागद अडवणूक वाढवणार नाही, ती टाळेल.

तोपर्यंत सायकल बांधणाऱ्याने काय पाहावे?

- मोटर २५० वॅटच्या आतली, वेग २५ च्या आत बांधलेला. दोन्हींची पावती जपून ठेवावी.
- आधी ब्रेक, मग मोटर. दोन्ही चाकांना स्वतंत्र ब्रेक नसतील तर मोटर जोडूच नये.
- ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच हँडलवर हवा.
- पोलादी चिमटा आणि टॉर्क आर्म. पहिला महिनाभर दर आठवड्याला अ‍ॅक्सलचे नट तपासावेत.
- कॅरिअरवरचे ओझे मर्यादेत ठेवावे. आऱ्याला टिचकी मारून आवाज ढिला आला तर चाक मिस्त्रीकडे न्यावे.
- बॅटरी संरक्षक सर्किट आणि फ्यूज असलेली, पाण्यापासून झाकलेली. रात्री झोपायच्या खोलीत किंवा दाराच्या वाटेत चार्जिंगला लावू नये.
- बांधून झाल्यावर मोकळ्या मैदानात, रिमवर पाणी ओतून, नेहमीचे ओझे लादून थांबण्याचे अंतर पावलांनी मोजावे.

ही शेवटची चाचणी करायला ना प्रयोगशाळा लागते ना पैसा. एक बादली पाणी आणि दहा मिनिटे पुरतात. त्या मैदानात सायकल वेळेत थांबली नाही, तर टोकावड्याच्या उतारावर ट्रक समोर आल्यावरही ती थांबणार नाही.